मावळ्याच्या पायात स्लीपर

परवा दुपारी जेवून जरा आडवी झाले होते, तर शेजारच्या मंदावहिनी दारात. "सुमनताई, तुमचा टीव्ही मोठा आहे. आमच्या ह्यांचा पिक्चर लावा ना."

ह्यांचा म्हणजे मोहिते भाऊजींचा. कंपनीतून रिटायर झाल्यावर ते घोडबंदरकडे शूटिंगला जायचे, गर्दीत उभं राहायला. या लढाईच्या पिक्चरमध्ये मावळा झाले होते... आणि पिक्चर यायच्या आधीच गेले. वहिनींना इतके महिने बघायचा धीर झाला नव्हता.

आता मला हे जुन्या काळचे पिक्चर बघवत नाहीत. बाईच्या नऊवारीला फॉल, तटबंदीच्या मागे मोबाईलचा टॉवर... मी बोलून टाकते. वहिनींना माहीत आहे, म्हणून आधीच म्हणाल्या, "ताई, आज तोंडाला कुलूप."

लावलं कुलूप. लढाई आली. सगळ्यांना एकच दाढी, एकच पागोटं, त्यात धुरळा. मागे घेतलं, परत लावलं, परत मागे घेतलं... भाऊजी काही दिसेनात.

वहिनींचं तोंड एवढंसं झालं. "फोटो आहेत हो घरात. पण चालताना बघायचं होतं एकदा. पिक्चरमधून कापलं असेल त्यांना. जाऊ दे, बंद करा."

मी रिमोट उचलला आणि तेवढ्यात माझं कुलूप तुटलं. "अहो, हा बघा! मावळ्याच्या पायात रबरी स्लीपर! शूटिंगवाल्यांचे डोळे फुटले होते काय?"

वहिनी उठून टीव्हीला नाक लावून उभ्या राहिल्या. "एक पट्टा निळा, एक काळा..." मग हळूच म्हणाल्या, "काळा मीच घातलाय. नवीन जोड घेईचनात."

भाऊजींना शुगर होती, टाचेची जखम भरत नव्हती. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, असं वहिनी रोज बजावून पाठवायच्या. ते हो हो म्हणायचे. वहिनींना वाटायचं, थापा मारतात. या माणसाने जन्मात माझं ऐकलं नाही, हे तर त्या अख्ख्या बिल्डिंगला सांगायच्या.

पुढच्या शॉटमध्ये तोच मावळा अनवाणी. ओरडलं असणार कोणीतरी. आणि त्याच्या पुढच्या शॉटमध्ये... परत स्लीपर! भाला घेऊन फटक फटक पळतायत भाऊजी.

वहिनी हसायला लागल्या. हसता हसता डोळ्याला पदर लावला. "ऐकलं की हो ताई... ऐकलं माझं."

माझा मुलगा म्हणतो, लोक अशा चुका शोधून रीलवर टाकतात, हसतात. हसू देत. हा पिक्चर ज्याने कापून जोडला आणि ज्याला ती स्लीपर दिसलीच नाही, त्याच्या मुलाबाळांचं भलं होवो.