मामाजीच्या सडक्या बोंडांचा मेकअप

आता हसायचं असंन तं हसा राजेहो, पण हे माह्या बायकोच्या कानावर घालू नका. तिनं हा किस्सा सांगायची मले बंदी केली हाये. ती आज माहेरी गेली, म्हणून सांगतो.

मी फोटोग्राफर, हे तुमाले ठाऊक हाये. आर्णीत स्टुडिओ. पण मी कसला फोटोग्राफर? रॉवाला! रॉ म्हंजे काय? कॅमेऱ्यानं जे पाह्यलं, ते निरं कच्चं, बिनारंगरंगोटीचं जमा करून ठेवते, ती फाईल. मंग घरी कॉम्प्युटरवर बसा अन् उजेड, रंग, सारं आपल्या हातानं भरा. डोकं लागते त्याले.

अन् दुसरी जमात कोणती? स्टाईलवाली! कॅमेऱ्यातच तयार स्टाईल असते ना. 'व्हिव्हिड' लावली का बाभूळही हिरवीगार, 'पोर्ट्रेट' लावली का नवरी गुलाबी. बटन दाबलं, फोटो तयार, घ्या अन् जा. ह्याले काय फोटोग्राफी म्हणाव? मॅगी उकळून मी सैपाक केला म्हणणारे लोक हे!

ह्या जमातीचा म्होरक्या कोण, तं माहा साडू. गजानन. माह्या बायकोच्या लहान्या बहिणीचा नवरा, महागावले त्याचा स्टुडिओ. सासरवाडीले, बोरी अरबले, आम्ही जमलो का मी चार लोकांत त्याची उतरवलीच समजा.

"काय गजानन, आज कोणतं बटन दाबलं?"

"भाऊ, कंपनीनं येवढे इंजिनिअर बसवून ते बटन बनवलं. ते का बह्याड हायेत?"

"ते नाही ना! ते विकत घेणारे बह्याड हायेत!"

तो बिचारा हसे. मले वाटे, ह्याले उत्तर सुचत नाही म्हणून हसून राह्यला.

तं मंग ते बोंडअळीचं साल आलं. तुमाले काय सांगाव ते साल! कपाशीची पऱ्हाटी वरून पाहा तं हिरवी, बोंड फोडून पाहा तं आत गुलाबी अळी मस्त झोपलेली. सरकी खाल्लेली, कापूस पिवळा पडलेला. मामाजीच्या, म्हंजे माह्या सासऱ्याच्या, साऱ्या वावराचं तेच झालं. बियाण्याच्या थैलीवर लिहिलं होतं का ह्या कापसाले अळी लागतच नाही. अन् कंपनीचा माणूस बांधावर उभा राहून काय म्हणते? "काका, बियाणं एक नंबर हाये. तुम्हीच फवारणीत लक्ष दिलं नसंन."

मामाजीले हे असं झोंबलं! ज्या माणसानं उभा जन्म पोरीपेक्षा पऱ्हाटीकडं जास्त पाह्यलं, त्याले तू आळशी म्हणतं? तालुक्याच्या हापिसात त्याईनं तक्रार ठोकली. म्हणे, मले दुसरं काही नको. माह्या हातून कसूर झाली नाही, येवढं कागदावर लिहून द्या.

पण तक्रारी इतक्या आल्या का पाहणीले साहेब लोक कवा येतीन, पत्ता नाही. इकडं हरभऱ्याचा वखत निघून चाललेला. तवा हापिसातून सांगतलं, का पऱ्हाटी उपटून पेरा, पण उपटायच्या आधी फोटो काढून ठेवा. वावर साफ झाल्यावर फोटो हाच पुरावा. म्हंजे मामाजीची सारी इज्जत आता फोटोवर!

अन् मामाजीनं फोन कोणाले केला? गजाननले!

मी तं पेटलोच. थोरला जवाई मी, अन् फोटो काढणार तो बटनवाला? लगेच फोन लावला.

"मामाजी, पुराव्याचं काम हाये. ते का बारशाचे फोटो हायेत?"

"जवाईबापू, मले काही कळत नाही त्यातलं," मामाजी म्हणाले. "मले फक्त अळी दिसली पाह्यजे. बाकी काही नाही दिसलं तरी चालते."

हे वाक्य त्याईनं मले दोनदा सांगतलं. दोनदा!

गेलो वावरात. गजाननही आलता, त्याले मी बोंडांवर उजेड पाडायले थर्माकोलची शीट धरून उभा केला, म्हटलं तुह्या लायकीचं काम हेच हाये. मामाजी एकेक बोंड फोडत गेले, मी काढत गेलो. मंग त्यायले मधात उभं केलं, हातात सडकं बोंड, मांगं सारी पऱ्हाटी. गजाननानं कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या स्क्रीनमध्ये डोकावून पाह्यलं.

"भाऊ, अळी झकास दिसून राह्यली. असंच देऊन टाका."

"अबे भैताडा, हे मांगं दिसते ते कॅमेऱ्यानं स्वतःची स्टाईल लावून दाखवलेलं असते. खरा फोटो घरी बनते, घरी!"

आता आली माही खरी अक्कल. लग्नाचा सीजन नुकताच सुरू झालता. रोज दोन-दोनशे फोटो साफ करून करून हाताले वळण पडलेलं. डाग दिसला का काढ, पिवळं दिसलं का पांढरं कर, हिरवं खुलव, चेहरा उजळ. हात आपोआप चालते, डोकं लागतच नाही. बसलो मामाजीचं वावर घेऊन. पिवळा पडलेला कापूस? झाला दुधासारखा. बोंडाले भोकं? नवरीच्या गालावरचे मुरूम काढतो तसे एकेक करून बुजवले. वाळली पानं हिरवी केली. अन् दर बोंडात, पांढऱ्या कापसावर, एक गुलाबी कचरा सारखा आडवा येऊन राह्यलता. घेतला ब्रश अन् काढून टाकला.

हो राजेहो. तीच अळी होती.

बायकोनं चाहा आणून देल्ला अन् स्क्रीनकडं पाहतच राह्यली. "हे बाबाचं वावर हाये? इतकं चांगलं?"

"मंग! रॉ मध्ये काढलं हाये," मी म्हटलं.

मले वाटलं तारीफ करून राह्यली! त्याच दिवशी प्रिंट मारल्या, पाकिटात घातल्या, पाकीट चिकटवलं अन् एस्टीनं दारव्ह्याले जाणाऱ्या माणसाच्या हाती परस्पर हापिसात पोचतं केलं. मामाजीले फोन केला, "काम फत्ते! उपटा पऱ्हाटी!" अन् त्याईनं जवायावर भरवसा ठेवून दोन दिवसांत सारं वावर उपटून हरभरा पेरला.

मंग एक दिवस बोलावणं आलं दारव्ह्याच्या हापिसात. टेबलाच्या अलीकडं आम्ही तिघं, मामाजी, मी अन् गजानन. पलीकडं कृषीच्या मॅडम. बाजूले तो कंपनीचा माणूस, चकचकीत बूट, खिशाले दोन पेनं. मी सोबत लॅपटॉप अन् कॅमेऱ्याची बॅग आणलती. मनात म्हटलं, मॅडम फोटो पाहून विचारतीनच का कोणं काढले.

मॅडमनं पाकीट फोडलं. एक फोटो पाह्यला. दुसरा पाह्यला. चष्मा पुसला.

"काका, तुमची तक्रार नेमकी काय आहे?"

"अळीनं सारी पऱ्हाटी खाल्ली ना मॅडम."

"कोणती पऱ्हाटी?"

कंपनीच्या माणसानं फोटो हातात घेतला अन् त्याच्या तोंडावर जे हसू पसरलं ना! "मॅडम, खरं सांगतो, आमच्या बियाण्याचा येवढा चांगला फोटो आमच्यापाशीसुद्धा नाही."

मामाजीनं फोटो हात लांब करून पाह्यला. मले हळूच विचारते, "जवाईबापू, हे वावर कोणाचं हाये? अन् मी त्यात काहून उभा हावो?"

तवा कुठं मले समजलं, मी तं अळीच पुसून टाकली होती. पण घमेंड जाते का? नाही ना! मी उठून उभा राह्यलो. "मॅडम, टेन्शन नका घेऊ. ओरिजिनल हाये माह्यापाशी. रॉ!"

पेनड्राइव देल्ला. हापिसातल्या बाबूनं लावला, क्लिक केलं, पुन्हा केलं. "हे उघडूनच नाही राह्यलं. फोटो हाये का काय हाये हे?"

रॉ फाईल हापिसातल्या कॉम्प्युटरवर कशी उघडन? मी त्याले असा हसलो जसा तोच अडाणी. माहा लॅपटॉप उघडला, सॉफ्टवेअर चालू केलं अन् सर्व्यायच्या पुढ्यात केलेलं एडिटिंग एकेक करून काढू लागलो. एक बटन सरकवलं, कापूस पिवळा झाला. दुसरं सरकवलं, पानं वाळली. मंग पुसलेले डाग वापस आणले अन् अळी हजर!

"ही घ्या अळी!" मी वरडलो.

कंपनीचा माणूस खुर्चीतून उठला. "मॅडम, पाहून राह्यले ना? तुमच्या डोळ्यांदेखत अळी टाकून राह्यला हा माणूस! चांगला फोटो हापिसात जमा केला, अन् आता बसून खराब करते!"

"अहो, टाकत नाही, वापस आणतो!"

"कुठून वापस आणता?" मॅडमनं विचारलं. "एक सांगा, कॅमेऱ्यानं काढलेला फोटो यातला कोणता?"

"तसं नसते मॅडम. रॉ मध्ये फोटो नसतेच. फोटो मंग बनवा लागते."

"म्हणजे फोटो तुम्ही बनवला?"

आता इथं गप बसाव का नाही? पण जिभेले सवय. दहा वर्षं साऱ्या नातेवाइकांत जे बोलत आलो, तेच छाती काढून बोललो. "मंग कोण बनवन? कॅमेरा काय करते मॅडम, सारं मीच करतो!"

मॅडमनं पेन उचललं.

मामाजीनं फोटो टेबलावर ठेवला. मंग हात जोडून म्हणाले, "मॅडम, मी लबाड नाही. पऱ्हाटी उपटली नसती तं तुमाले वावरातच नेलं असतं." ते आयकून मले तिथंच जमिनीत घुसावं वाटलं. त्या माणसाले आळशी म्हटल्याचा कलंक पुसायचा होता, अन् मी त्याच्या कपाळावर लबाड म्हणूनही छापून देल्लं. लाज वाटली राजेहो, लय लाज वाटली.

तवा गजानन उठला. माही बॅग उघडली, कॅमेरा काढला. "मॅडम, कार्ड आतच हाये. कॉम्प्युटरचं सोडा, कॅमेऱ्यातच पाहा."

कॅमेऱ्याच्या पाठीवर सडकं बोंड. मॅडमनं मोठं करून पाह्यलं. अळी. पुढचं बोंड, अळी. तारीखही तिथंच. कंपनीचा माणूस वाकून पाहू लागला अन् त्याचं हसू आटलं.

"मला हा हवा," मॅडम म्हणाल्या. "अगदी हाच. लॅपटॉपला हात न लावता."

आता हा कसा द्यायचा? मी डोकं खाजवत उभा. गजानन कॅमेऱ्याच्या मेन्यूत शिरला, खटखट दोन-चार बटनं दाबली अन् तिथल्या तिथं, कॅमेऱ्यातच, त्या रॉचा साधा फोटो बनवाची सोय निघाली! माह्याच कॅमेऱ्यात! मी त्या मेन्यूत कधी पायच ठेवला नव्हता, ती गल्ली मले हलकी वाटे.

"भाऊ, कोणती स्टाईल लावू?" त्यानं मले विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारलं, तेच तं जास्त लागलं.

"लाव बाबा जे तुले वाटते ते," मी म्हटलं.

त्यानं सगळ्यात साधी लावली. हापिसातल्या बाबूच्या कॉम्प्युटरवर ते फोटो एका झटक्यात उघडले. मॅडमनं कागदावर लिहिलं का बोंडं आतून किडलेली, शेतकऱ्याची कसूर दिसत नाही. मामाजीनं तो कागद तीनदा वाचून घेतला, एकदा मॅडमकडून, दोनदा गजाननकडून. माह्याकडून नाही.

येताना एस्टीत मामाजी गजाननच्या बाजूले बसले, मी मांगं एकटा. बोरी अरब आलं तवा मामाजी म्हणाले, "जवाईबापू, तो खोटा फोटो मले एक मोठा करून द्याल काय? असं वावर माह्या डोळ्यानं कधी पाह्यलं नाही. भिंतीवर लावतो."

झालं! येवढं हाणून घेतल्यावर माणूस सुधरला पाह्यजे का नाही? मी पुन्हा फुगलो! मामाजीले एक मोठी फ्रेम देल्ली अन् एक माह्या स्टुडिओच्या काचेत लावली, रस्त्याकडं तोंड करून. हापिसातली फजिती गावाकडं माह्या घरी कोणालेच सांगतली नव्हती, सांगायले तोंड कुठं होतं? लोक थांबून थांबून त्या फोटोकडं पाहत. फोटोत मांगं, वावराच्या बांधावर, कंपनीनं स्वतःची पाटी ठोकलेली होती, ती तं मी अशी टवटवीत केलती का बियाण्याचं नाव रस्त्यावरून वाचता येये.

जूनमध्ये माहा मोठा भाऊ स्टुडिओत आला. गावचं सारं वावर दादाच पाहते. घाम पुसत खुर्चीत बसला, पाणी पेला, खुशीत होता.

"पेरलं बरं सारं," म्हणे. "अवंदा दुसरं बियाणंच नाही घेतलं. हेच." अन् काचेतल्या फोटोकडं बोट केलं.

मी हातातला कॅमेरा टेबलावर ठेवला. "दादा, कोणाले विचारून? दुकानदाराले?"

"दुकानदार तं नको म्हणे. अळी लागते म्हणे ह्याले. मी म्हटलं, तू गप बस, हा फोटो माह्या सख्ख्या भावानं काढला हाये, तो का खोटं दाखवन?"