अडीच सुताचे चार बोल्ट

जगातली सगळी भांडणं, मोडलेली लग्नं आणि गळकी छपरं यांच्या मुळाशी कुठे तरी एक चुकीचा बोल्ट असतो, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मुलगी बघायला मी अंजूरला गेलो, तेव्हा घरातल्या इतरांनी माझं शिक्षण, गाव, पगार विचारला. मामा कोपऱ्यात बसून माझ्या खुर्चीचा पाय निरखत होते. मी भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात मेहताजी, म्हणजे कारकून, आहे असं कळताच ते सरसावून म्हणाले, "मग तुमच्याकडं अडीच सूत मिळंल?" मी म्हटलं, "मामा, अडीच सूत कसं देणार? आमच्याकडे सूत गठ्ठ्यानं येतं." सगळे हसले. मामा हसले नाहीत. लोखंडाच्या बाजारात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि अडीच सूत हे बोल्टचं माप, हे त्यांनी मला चहा निवेपर्यंत समजावलं. शेवटी सासऱ्यांनी त्यांना विचारलं, "काय, पसंत हाय का पोरगा?" तर म्हणाले, "आटे जुळले तर चांगलंच. जोर करून कसला तर नट बी जातो नि बोल्ट बी." हे बोलणं आशीर्वाद की धोक्याची सूचना, ते मला तेव्हा कळलं नाही.

या वेडाच्या मुळाशी एक मोटार होती. लढाईच्या आधीची, विलायती, पुढून एखाद्या रागावलेल्या आत्याबाईंसारखी दिसणारी. मामा तरुणपणी एका पारशी डॉक्टरांचे ड्रायव्हर होते आणि मोटार त्या डॉक्टरांची. डॉक्टर गेल्यावर ती पडून पडून सडली, आणि शेवटी त्यांच्या घरच्यांनी ती मामांना देऊन टाकली. मामांनी बैल जुंपून तिला अंजूरला आणलं आणि भाताच्या कणगीशेजारी उभं केलं. भाताला जागा उरली नाही, त्यावर त्यांचं म्हणणं, "भात दर साली येतो." पुढची सहा वर्षं ते तिचा एकेक बोल्ट सोडवून, घासून, पुन्हा बसवत होते. का, ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. ड्रायव्हरची बायको मोटारीत बसत नसे, म्हणून मामींनी ही मोटार जन्मभर बाहेरूनच पाहिली होती. आता ती सुरू करायची आणि मामींना पुढच्या सीटवर बसवून गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर न्यायचं, असा मामांचा पण होता. मामींचे गुडघे धरले होते. त्या म्हणायच्या, "गुडघं हायेत तवर ने म्हंजे झालं."

अडचण एकच होती. देशात तोवर मिलिमीटरचे बोल्ट आले होते आणि मोटारीचे आटे जुने, इंची. नवा बोल्ट जुन्या आट्यात दोन-तीन फेरे गोडीगुलाबीनं जातो आणि मग अडतो. दुसरा कुणी असता तर भोक मोठं करून मोकळा झाला असता. मामांना तसं सुचवणाऱ्या मिस्त्रीला त्यांनी विचारलं होतं, "तुज्या आंगठीत बोट न्हाय गेलं तं तू बोट तासशील का?" त्यामुळे शोध सुरू झाला. भिवंडीत जुने विलायती लूम मोडीत निघत, आणि त्यांचे आटे मोटारीच्या आट्यांचे सख्खे भाऊ, हा शोध मामांचा स्वतःचा. सदऱ्याच्या खिशात रुमालात गुंडाळलेला एक नमुन्याचा नट घेऊन ते भंगारवाल्यांच्या ढिगांवर तासन्‌तास बसायचे. प्रत्येक बोल्ट त्यात फिरवायचे, कानाशी धरून. "चचा, लूम का बोल्ट है, हीरा नहीं है," भंगारवाला ओरडायचा. मामा म्हणायचे, "हिरा गळ्यात घालतात. यावर माणूस बसतो."

त्यांच्याबरोबर कुठे जायची मला लाज वाटे, हे कबूल करतो. अंजूरच्या एका लग्नात वरमाईला बसायला आणलेली खुर्ची त्यांनी उलटी करून पाहिली होती, वरमाई शेजारी उभी असताना. आमच्या कारखान्यात ते एकदा आले आणि चालू लूमच्या पोटात डोकं घालू लागले. विणणारा घाबरून ओरडला, "चचा, हाथ जाएगा!" सगळ्या खात्यात हशा पिकला. मी मान खाली घालून गठ्ठे मोजत राहिलो, जणू हा गृहस्थ माझा कुणीच नव्हता.

पण त्या दिवशी त्यांना हवं ते सापडलं होतं. कोपऱ्यात एक जुना लूम मोडीत काढायला ठेवला होता, त्याला अडीच सुताचे, मोठ्या डोक्याचे चार बोल्ट होते. मोटारीत आता तेवढेच कमी होते, आणि तेही मामींच्या सीटचे. "जावयबापू, शेठला सांगून तेवढं चार काढून ठेवा. बाकी सगळी मोटार तयार हाय." मी हो म्हटलं. शेठला विचारायला चार वेळा गेलो आणि चार वेळा दुसरंच बोलून परत आलो. मेहताजी भंगार मागतो, असं शेठ म्हणतील याची लाज वाटली. पाचव्या दिवशी पाहिलं तर कोपरा रिकामा, लूम कधीच ट्रकमध्ये चढून गेला होता.

तेव्हा मी जे केलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हार्डवेअरच्या दुकानातून जवळपास त्याच मापाचे चार नवे बोल्ट आणले, डोक्यांवरची अक्षरं कानशीनं घासली, मिठाच्या पाण्यात ठेवून गंजवले, जळक्या तेलात बुडवले आणि मामांच्या हातावर ठेवले. मामांनी एक उचलला, नटात दोन फेरे फिरवला, कानाशी धरला. मग माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं," म्हणाले, आणि रुमालात बांधून ठेवले. मला वाटलं, सुटलो. किती मूर्ख होतो मी!

धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाचा मान, तेव्हा मलाही अंजूरचं बोलावणं आलं. अनारसे झाले, नवं धोतर मिळालं, आणि गणेशपुरीला जायला मोटार दारात आली. काळी, चकचकीत. मामी ठेवणीतलं लुगडं नेसून पुढच्या दाराशी उभ्या होत्या. मामा म्हणाले, "तू मागं बस गो. धोंड्याचा महिना हाय, म्होरं जावई बसतील." मामी गुडघ्यावर हात टेकत मागे चढल्या. मी नको नको म्हटलं, पण बसलो. मोटार निघाली आणि पहिल्याच वळणावर माझ्या खालची सीट हलली. मग खड्ड्यागणिक हलत राहिली. मी दाराची कड धरून बसलो. मोटार पन्नासानं पळवून दाखवीन, असं मामांनी मामींना सांगून ठेवलं होतं. अंबाडी गाव मागे पडलं तरी ते बैलगाडीच्या चालीनं चालवत होते आणि प्रत्येक खड्ड्याआधी ब्रेक दाबत होते. सायकलवाले पुढे जात होते. "सीट घट्ट हाय ना, जावयबापू?" त्यांनी समोर बघत विचारलं.

"अगदी घट्ट," मी म्हणालो.

तेव्हा खरं सांगता आलं असतं. मागे मामी बसल्या होत्या म्हणून नाही सांगितलं, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. ते खोटं आहे. मला लाज वाटली, एवढंच.

मामी पुढच्या पावसाळ्यात गेल्या, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन. त्यानंतरच्या थंडीत मी अंजूरला गेलो, तेव्हा मामांनी मला हाताला धरून मोटारीपाशी नेलं. काल्हेरच्या एका भंगारवाल्याकडे त्यांना अडीच सुताचे चार बोल्ट मिळाले होते. "बसून बघा," म्हणाले. मी बसलो नाही. हातानं सीट हलवून पाहिली. ती जमिनीतून उगवल्यासारखी घट्ट होती. मामांनी सदऱ्याच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली.

"हे तुमचं चार. ठेवा, उपेगी पडतील," ते म्हणाले. "नवेच हायेत."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी निदान माफी मागितली असती. मामा आता नाहीत, मोटारही कुणी तरी घेऊन गेलं. ते चार बोल्ट माझ्या टेबलाच्या खणात आहेत, आणि इतक्या वर्षांत मी ते कशालाही लावलेले नाहीत.