आत्याचे पिळे

“मुलगी चांगली आहे हो, इंग्रजीही सफाईदार आहे, पण ते डोकं! सुगरणीचं घरटं वादळातून उचलून आणल्यासारखं दिसतं.” आमचे सर फोनवर कुणाला तरी सांगत होते आणि मी पडद्याच्या अलीकडे ग्लास पुसत उभी होते. गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत मी नुकतीच लागले होते. आलेल्या पाहुण्यांना वाइन ओतून द्यायची आणि तिच्याबद्दल चार वाक्यं बोलायची, एवढंच काम. ती चार वाक्यं मी रोज बसमध्ये घोकायचे. प्रोबेशन संपत आलं होतं. “रविवारी मालक स्वतः पाहुणे घेऊन येतायत,” सर पुढे म्हणाले, “तोवर केस सरळ करून आली तर कायम करू. नाहीतर दुसरी बघू.” मग पडदा सारून ते बाहेर आले आणि मला फक्त “जरा ग्रूमिंगकडे लक्ष द्या” एवढंच म्हणाले. मी मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमतं.

ही गोष्ट माझ्या आत्यापासून लपून राहणं शक्य नव्हतं, कारण माझी आत्या जगातल्या सगळ्या माणसांचे दोनच भाग करते: एक कुरळ्या केसांची माणसं आणि दुसरी, ज्यांच्याबद्दल तिला वाईट वाटतं ती. पहिल्या भागात ती, मी, माझे बाबा आणि तिच्या ओळखीपाळखीची मोजकी भाग्यवान मंडळी येतात. शेअर रिक्षात समोर एखादी कुरळ्या केसांची मुलगी बसली की आत्याचा हात तिच्या पदरातून आपोआप बाहेर येतो. एकदा पंचवटीत अशाच एका अनोळखी कॉलेजकन्येची बट दोन बोटांत धरून ती कळवळून म्हणाली, “बाळ, तू हे कोरडे विंचरतेस ना? नको गं. मारल्यासारखं होतं त्यांना.” मुलगी घाबरून पुढच्याच चौकात उतरली. मी दुसऱ्या बाजूला बघत, आम्ही दोघी एकमेकींना ओळखत नाही असा चेहरा करून बसले होते. पण आठवड्याभराने, पत्ता कुठून शोधला कोण जाणे, तीच मुलगी आत्याच्या दारात उभी होती, ओले केस घेऊन, आणि सोबत तिची बहीण.

आत्याच्या घरात फणीला सुरीसारखं वरच्या फळीवर ठेवलेलं असतं. टॉवेल केसांना लावणं हा गुन्हा. केस टिपायचे ते जुन्या बनियनने. जुने पुरले नाहीत की नवेही जातात, त्यामुळे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, नवा बनियन आणला की बायकोच्या नजरेस पडण्याआधी तो घालून मोकळे होतात. उशांचे अभ्रे तिने जुन्या सॅटिनच्या परकरांतून शिवलेत, आणि आलेल्या पाहुण्याचं डोकं रात्री त्यावरून घसरून जमिनीवर आलं तरी तिला त्याचं काही वाटत नाही. ओट्यावर केसांना लावायचा जवसाचा चिकट रस नेहमी एका पातेल्यात निवत असतो. आतोबांनी एकदा तो कढण समजून पिऊन टाकला. “चव नव्हती,” ते म्हणाले, “पण पोटाला बरं वाटलं.” आत्या दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, कारण तो रस तिने देव्हाऱ्यासमोर बसून गाळला होता.

हे सगळं सुरू झालं ते माझ्यामुळे. मी तिला फोनवर आफ्रिकी बायकांचे व्हिडिओ दाखवले होते. ओल्या केसांचे दोन-दोन पदर एकमेकांवर पिळायचे, किंवा तीन पदरांच्या बारीक वेण्या घालायच्या, पूर्ण वाळू द्यायच्या आणि मग हलक्या हाताने सोडायच्या. पिळे सोडले की गोल वेटोळी पडतात, वेण्या सोडल्या की लाटा. आत्या ते व्हिडिओ आवाज बंद करून बघते. “इंग्रजी लय जोरात पळतं बाई, मला हात बघू दे,” म्हणते. मधेच मला विचारते, “आत्ता काय म्हणाली ती?” मी भाषांतर करते, आणि आत्या पडद्यावरच्या त्या बाईला मोठ्याने म्हणते, “बरोबर आहे ताई, आमच्याकडेही असंच आहे.” समारंभ, हवा आणि स्वतःचा मूड बघून ती ठरवते, आज पिळे की वेण्या. भांडायला जायचं असेल तर वेण्या. लाटांना जरा वजन असतं म्हणे.

मी घरी सांगितल्यावर आईने शनिवारची पार्लरची वेळ घेतली होती. त्याच सकाळी आत्या पिशवी घेऊन दारात हजर. तिला कुणी सांगितलं ते मला माहीत नाही. बाबा मात्र पेपरच्या आड गेले होते.

“वहिनी, पोरीच्या डोक्यावर इस्त्री फिरवणार तुम्ही?”

“ताई, नोकरीचा प्रश्न आहे. तुमचे प्रयोग पुढच्या महिन्यात करा.”

“प्रयोग म्हणे! मला आजचा दिवस द्या. नाही जमलं तर उद्या सकाळी मी स्वतः हिला पार्लरात नेऊन बसवते. ती इस्त्री मी हातात धरते, बस?”

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी स्विचबोर्डकडे बघितलं. “हिला विचारून काय उपयोग,” आई म्हणाली आणि पार्लरवालीला फोन करून रविवारी सकाळी लवकर उघडशील का, असं विचारू लागली. म्हणजे दोन्ही दारं उघडी राहिली आणि मी मधल्या पाटावर बसले.

जानेवारीचं ऊन होतं, नुसतं दिसायला. आत्याने विणकामाच्या सुईने भांग पाडले, एकेक बट जवसाच्या रसात भिजवली आणि पिळत गेली. “हलू नकोस व माय!” हे तिच्या सासरचं, नामपूरचं. लग्नानंतर ती बरीच वर्षं तिकडेच होती आणि जीव टांगणीला लागला की तिकडची बोली बाहेर येते. थंडीमुळे पिळे धरणार नाहीत अशी तिला धास्ती होती, म्हणून तिने रसात मूठभर मेथी उकळून घातली. “मेथीने कसं घट्ट बसतं बघ.” संध्याकाळी ऊन गेलं तरी माझं डोकं मधोमध ओलंच. रविवारी उजाडल्यावरही तेच. आई पर्स घेऊन दारात उभी. आत्याने मला टेबलफॅनसमोर बसवलं. जानेवारीच्या सकाळी दात वाजवत मी बसले आणि ती एकेका पिळ्याला चिमटीत धरून बघत राहिली: हा झाला, हा अजून नाही. घड्याळाकडे बघायची आम्हा तिघींचीही हिंमत नव्हती. शेवटी बोटांना तेल लावून तिने पहिला पिळा सोडला. तो उलगडला, जरा डोलला आणि तसाच राहिला. मग दुसरा. आईने पर्स टेबलावर ठेवली. “बरे दिसतायत,” ती म्हणाली. म्हणता म्हणता ड्रॉवरमध्ये रबर शोधत होती, ते सोडा.

वायनरीत सरांनी मला बघून ओठ मिटले. मालकांची गाडी आत येत होती, म्हणून “नंतर बोलू” एवढंच म्हणाले. खोलीत हीटर लावलेला, खिडक्या बंद. वाइन ओतणाऱ्याने अंगाला अत्तर लावायचं नाही, असा तिथला नियम आहे. मी पावडरसुद्धा लावत नाही. मी वाकून एकेकाच्या ग्लासात ओतत गेले, केस खांद्यावरून पुढे येत होते. मालकांच्या पाहुण्या बाईंनी ग्लास नाकाशी नेला आणि थबकल्या.

“मेथी आहे का हो यात?”

त्यांच्या यजमानांनी वास घेतला. “अगदी! बाळंतिणीचे लाडू.”

कुणीतरी हसलं. मालक हसले नाहीत. त्यांनी स्वतः वास घेतला, बाटली उलटीसुलटी करून बघितली आणि दुसरी मागवली. मी ती उघडून ओतली. दुसरीलाही मेथी. आता कुणीच हसेना. “सगळा लॉटच बिघडलाय की काय?” मालक हळू आवाजात म्हणाले. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी तळघरात फोन लावला, या लॉटची एकही बाटली बाहेर जाऊ देऊ नका म्हणून सांगायला.

माझ्या लक्षात यायला एवढा वेळ लागला, कारण मला स्वतःला तो वास येतच नव्हता. कालपासून मी त्यातच होते. मी गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. नेहमीसारखी मान खाली घालून मी मागे सरकले असते, संध्याकाळी पार्लरात गेले असते आणि सोमवारी सरळ केस दाखवून कदाचित कायमही झाले असते. मी बाटली हातात घेऊन उभी राहिले आणि मला आदल्या दुपारची एक गोष्ट आठवली. पिळता पिळता आत्या सारखी थांबत होती. दर वेळी कारण वेगळं: शेजारणीचे कपडे वाळले का बघते, कबुतर आलंय, चहाची तल्लफ आली. खरं म्हणजे खांदे दुखत असल्याने तिचे हात फार वेळ उचललेले राहत नव्हते. तिच्या स्वतःच्या डोक्याचे मागचे पिळे हल्ली अर्धेच असतात आणि त्यावर ती रुमाल बांधते. ते कुणी बघितलेलं तिला आवडत नाही, म्हणून मीही बघितल्याचं कधी दाखवलं नाही. माझ्या मागच्या बाजूला मात्र एकही पिळा ढिला नव्हता. माझ्या मानेवर तिचा श्वास जोरात येत होता आणि ती म्हणत होती, “झालंच गं, झालंच.”

सर फोनवर “हॅलो, हॅलो” करत होते. मी बाटली टेबलावर ठेवली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि घोकलेल्या चार वाक्यांतलं एकही मला आठवेना.

“बाटली चांगली आहे, सर,” मी म्हणाले. “वास माझ्या केसांचा आहे. आत्याने मेथी लावून पिळे घातलेत. पुढच्या वेळी मेथी घालू नको म्हणून तिला सांगेन, पण केस मी सरळ करणार नाही.”