कोरडा उपास

सून पडली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी तिच्या मागच्या रांगेत चटईवर बसले होते. भजन जोरात होतं, पेटी, ढोलकी, झांजा सगळं चालू. ती उभी राहून गात होती, एक हात वर आणि एक पोटावर. सातवा महिना होता तिला. आधी वरचा हात खाली आला, मग ती एका अंगाला कलली आणि आडवी झाली. शेजारच्या बायकांनी सरकून तिला जागा करून दिली. एक जण डोळे मिटून ओरडली, "उतरला, आत्मा उतरला!" मग टाळ्या. ढोलकीवाल्यानं हात आणखी चालवला.

आमच्या मेळाव्यात माणसं पडतात. दरवर्षी कुणी ना कुणी पडतंच. देवाचा आत्मा अंगावर आला म्हणतात. पडलेल्याला हात लावायचा नसतो, भोवती उभं राहून गात राहायचं, तो उठेल तेव्हा उठेल. तरुणपणी मी एकदा पडले आहे. तेव्हा माझे डोळे वाहत होते, ओठ हलत होते, घामानं पोलकं चिंब झालं होतं. म्हणून मी सुनेकडं नीट बघितलं. तिचे ओठ हलत नव्हते. मी गुडघ्यांवर पुढं सरकले आणि तिच्या मानेला हात लावला. चुलीवरच्या तव्यासारखी तापलेली मान, आणि घामाचा टिपूस नाही. मे महिन्याची दुपार, मांडवात एवढी माणसं, आणि ही कोरडी.

"पाणी आणा," मी म्हटलं.

कुणी ऐकलं नाही. ज्यांनी ऐकलं त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जशी मी दारूच मागितली.

त्याचं कारण सांगते. संभाजीनगरातली आमची मेथॉडिस्ट ख्रिस्ती मंडळी लहान आहे. आमचं देऊळ, म्हणजे चर्च, पत्र्याचं, पंखे तीन, त्यातला एक नुसता आवाज करतो. उन्हाळ्यात मंडळी टेम्पो करून पिशोरच्या पुढं एका आमराईत जाते. जागा मंडळीतल्याच एकाच्या भावकीची आहे. तीन दिवस तिथंच राहायचं, झाडाखाली झोपायचं, सकाळ-संध्याकाळ उपासना, दुपारी मुलांना बायबलातल्या गोष्टी, रात्री साक्षी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते एकेकानं उठून सांगायचं. मला हा मेळावा नाताळापेक्षा आवडतो. नाताळात लोक कपडे दाखवायला येतात. आमराईत सगळ्यांच्याच लुगड्याला माती लागलेली असते.

शेवटचा दिवस उपासाचा. उपास कोरडा, सूर्य बुडेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. सकाळी मंडळीचे पंच येऊन सगळी भांडी पालथी घालायला लावतात, हंडे, कळशा, पिंप, पोरांचे पेलेसुद्धा. झाडाखाली पालथ्या भांड्यांची रांग लागते. आमच्या आज्यांच्या वेळी एका दुष्काळात विहिरीच आटल्या होत्या, तेव्हापासूनची ही रीत. तेव्हा पाणीच नव्हतं, उपास कोरडाच होणार. पुढं टँकर आले, बाटल्या आल्या, पण उपास तसाच राहिला.

सुनेनं उपास धरू नये म्हणून मी आदल्या दिवशी भांडले होते. तिची आधीची दोन बाळंतपणं पुरी झाली नव्हती. थोरल्या पंचांनी तिला सांगितलं होतं, पोरी, कोरडा उपास धर, देव ऐकेल. थोरले पंच म्हणजे शाळेतून रिटायर झालेले मास्तर. माणूस वाईट नाही. माझ्या नवऱ्याच्या मयताला रात्रभर बसले होते. पण त्यांना वाटतं की देव फक्त सुकलेल्या घशाचं ऐकतो.

"तुझ्या पोटातल्यानं काय गुन्हा केला?" मी सुनेला विचारलं.

"आत्याबाई, मागच्या दोन वेळी मी काहीच केलं नव्हतं," ती म्हणाली. "ह्या टायमाला काहीतरी करू द्या."

मुलगा वाळूजला कंपनीत, त्याला सुट्टी नव्हती. तो असता तर त्यानंही तिचंच ऐकलं असतं.

तर मांडवात पाणी नव्हतं. विहीर दोन वावरं ओलांडून, आणि दोर-बादली स्वयंपाकाच्या बायकांनी सकाळीच कुठंतरी आवरून ठेवलेली. पाणी एकाच ठिकाणी होतं. समोर टेबलावर, पांढऱ्या कापडाखाली, पितळेची घागर. संध्याकाळी उपास सुटल्यावर दोन लेकरांचे बाप्तिस्मे व्हायचे होते. त्यासाठी पहाटे पाणी काढून, त्यावर प्रार्थना करून ठेवलेलं.

मी उठले. माझे गुडघे लवकर उठत नाहीत, पण त्या दिवशी उठले. टेबलाशी गेले, कापड बाजूला केलं आणि घागर कंबरेवर घेतली. तेव्हा कुठं ढोलकी थांबली.

थोरले पंच आडवे आले. "काय करता? ते बाप्तिस्म्याचं पाणी हाय."

"ओलं हाय ना?"

"बाई, तिच्यावर आत्मा आलाय. मधी पडू नका."

"तिला ऊन लागलंय मास्तर. व्हा बाजूला, न्हायतर तुमच्या अंगावर सांडंल."

ते बाजूला झाले. मी सुनेच्या डोक्यावर, मानेवर, छातीवर, पोटावर पाणी ओतलं. घागर रिकामी केली. पदर पिळून तिचे ओठ पुसले. एका बाईनं तोंडात पाणी घालायला हात पुढं केला, तिचा हात मी झटकला, शुद्धीत नसलेल्या माणसाला पाणी पाजलं तर ते भलतीकडं जातं. वारा घाला म्हटलं. तेव्हा मात्र चार जणींनी भजनाच्या वह्यांनी वारा घातला. उपासना चालवणारे नवे पाळकसाहेब वर्षभरापूर्वीच आलेले, वयानं माझ्या मुलाएवढे. त्यांनी सुनेचे पाय उचलले आणि मला म्हणाले, "गाडी."

आमचा टेम्पो मुसलमान भावाचा. दरवर्षी तोच येतो, आणि उपासाच्या दिवशी लाजेखातर गाडीमागं जाऊन डबा खातो. तो गाडीखाली झोपला होता. आम्ही सुनेला चटईसकट उचलून आणलं तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला.

"पानी नै पिलाये क्या खाला सुबू से?"

"उपास होता."

"हमारे में बी तो पेटवाली को माफ है," तो म्हणाला आणि गाडी चालू केली.

पिशोरात रसवंती दिसली तेव्हा त्यानं आपणहून गाडी थांबवली, उतरून बर्फाची अर्धी लादी गोणपाटात बांधून आणली. मी ती फोडून सुनेच्या काखेत आणि मानेखाली धरली. तालुक्याला, कन्नडला पोचेपर्यंत माझी बोटं बधीर झाली. प्रार्थना केली का असं नंतर अनेकांनी विचारलं. केली. तोंडानं प्रार्थना आणि हातानं बर्फ, दोन्ही एकाच वेळी होतं. त्यात कसलं भांडण आहे ते मला आजही कळत नाही.

कन्नडला दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर चिडका होता. मी उपास म्हटल्यावर त्यानं विचारलं, "पोटातल्याचाही होता का?" तो बरोबर बोलला होता. रात्री सुनेनं डोळे उघडले. तिनं आधी पोटाला हात लावला, मग मला विचारलं, "आत्याबाई, उपास सुटला का?"

"तुझा मोडला," मी म्हटलं. "मी मोडला."

ती रडायला लागली. पोटातलं हलतंय असं नर्सनं सांगितलं, तरी ती रडत होती. तिला वाटत होतं आता देव ऐकणार नाही. मी तिला समजावलं नाही. भातात ताक कालवून दिलं आणि खा म्हटलं.

शहरात आल्यावर पुढच्या रविवारी उपासनेनंतर पंचांनी मला थांबवलं. देवळात पंखे बंद करून टाकलेले, पत्रा भट्टीसारखा. थोरले पंच बाकावर ताठ बसलेले, बाकीचे खाली बघत होते. पाळकसाहेब दाराशी उभे.

"तुमच्या मनात वाईट नव्हतं, ते आम्हाला माहीत हाय," थोरले पंच म्हणाले. "पण प्रार्थना केलेलं पाणी होतं. त्या लेकरांच्या आईबापांचं मन दुखलं. मंडळीसमोर क्षमा मागा, म्हणजे पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाला बसता येईल."

"आणि नाय मागितली तर?"

"तर थोडे दिवस थांबा."

"पाणी कशासाठी होतं मास्तर?"

"बाप्तिस्म्यासाठी."

"म्हणजे लेकरांसाठी. मग लेकरावरच ओतलं की."

एक पंच खोकला. त्याला हसू आलं होतं. थोरले पंच मात्र हसले नाहीत. म्हणाले, "आमच्या बापजाद्यांनी धरलेला उपास तुम्ही सगळ्यांसमोर मोडला. उद्या पोरं विचारतील, आम्ही का धरायचा?"

त्यांची खरी भीती ही होती. मला ती समजली. पण मी म्हटलं, "विचारू द्या. मी चौथी शिकले, मला शास्त्र सांगता येत नाय. पण सून पडली तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या. आधी त्या टाळ्यांची क्षमा मागा, मग मी घागरीची मागते."

मी सलाम केला आणि घरी आले. घरी नळाला पाणी आलं होतं, पिंप भरायचं होतं.

प्रभुभोजनाची भाकर मी तीन महिने घेतली नाही. घेऊ दिली नाही असं मी म्हणत नाही, पाळकसाहेबांनी दोनदा हातानं खूण केली होती. पण थोरले पंच ताट धरून उभे असायचे, आणि मला त्यांच्यासमोर मान खाली घालून जायचं नव्हतं. मी पहिल्या बाकावर बसायचे, सगळ्यांना दिसेल अशी. सून माझ्या शेजारी. तीही उठायची नाही. मी तिला सांगितलं, तू जा, तुझा उपास मी मोडला, तुझा काही दोष नाही. ती म्हणाली, "तुम्ही उठलात तर मी उठते." तेव्हा मला कळलं की ही पोरगी माझ्याइतकीच हट्टी आहे.

बाळंतपण झालं तेव्हा घरी पहिले आले ते थोरले पंच. हातात फळांची पिशवी. पाळण्याजवळ उभे राहून बाळाकडं बघत राहिले. क्षमेचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. जाताना मला म्हणाले, "पोरीचा बाप्तिस्मा आमराईत करू." मी म्हटलं, "करू. पण त्या दिवशी पिंप पालथं घालणार नाय." ते म्हणाले, "बघू." पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी मी उठले आणि त्यांच्या हातून भाकर घेतली. मान मी खाली घातली नाही, त्यांनीही घातली नाही.

पुढच्या मे महिन्यात पंचांनी नेहमीसारखी भांडी पालथी घालायला लावली. मी एक रांजण घरून आणला होता. मांडवाच्या कडेला, आंब्याखाली तिवईवर ठेवला, भरला, वर झाकणी आणि पळी, आणि मी शेजारी बसले. कुणाला बोलावलं नाही. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मग एक पोटुशी आली, मग दोन म्हातारे, मग पाळकसाहेबांची बायको आपल्या पोराला घेऊन. संध्याकाळी पोरीचा बाप्तिस्मा होता, तरी थोरले पंच मांडवात सूर्य बुडेपर्यंत कोरडेच बसले. ते आजही तसेच बसतात, आणि मी आजही रांजण घेऊन जाते. कुणाचंच कुणी ऐकलं नाही.

देवावर माझा विश्वास तेवढाच आहे जेवढा आधी होता. तो त्या आमराईत होता यात मला शंका नाही. तो घागरीत होता की टाळ्यांत, यावर मंडळीला वाद घालायचा असेल तर घालू दे.

सून वाचली. तिच्या पोटातली पोरगी वाचली. ती पोरगी आता आमराईत रांजणाची पळी हातात घेऊन बसते आणि मला कुणाचा पेला भरू देत नाही.