पाइपांचा पूल

किस्से काही ठरवून जमत नाहीत. संग्रामपूर रस्त्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. समोरच्या बाकावर गावाचं राजकारण येऊन बसतं. माझे हात तांब्याच्या तारेत गुंतलेले, कान मोकळे. सरपंच नाना, त्यांचे विरोधक विठ्ठलराव आणि रिटायर झालेले वानखडे सर, हे रोजचे तिघे. सरांचं घर नाल्याकाठी, आणि घरात अर्धांगवायूने खाटेला खिळलेली आई. त्यामुळे हवामानाचा विषय सरच काढायचे.

*

एका मे महिन्यात नाना म्हणाले, हवामान-बिवामान काही बदललं नाही; लहानपणीही पायाला असेच चटके बसायचे.

सर म्हणाले, "तवा तुमच्या पायात चप्पल नव्हती नाना. आता एसी गाडीतून उतरून घाम पुसून राह्यले!"

*

नाल्यावर पूल मंजूर झाला. महिन्याचा पाऊस आता तासात पडतो, तेव्हा मोठ्या गाळ्यांचा पूल बांधा, असं सरांनी ग्रामसभेत सांगितलं. नानांनी सिमेंटचे पाइप टाकून वर मुरूम दाबला आणि वाचलेल्या निधीत गावाच्या तोंडाशी स्वागत कमान उभी केली. कमान मात्र चांगली उंच.

सर म्हणाले, "मंग पुराले कमानीखालून यायले सांगा."

*

विठ्ठलरावांचा हवामान बदलावर पूर्ण विश्वास. भाषणात ध्रुवावरचा बर्फ वितळवायचे. त्यांची वीटभट्टी नाल्याच्या पात्रातच. सरांनी ती हलवायला सांगितली, तर म्हणाले, "हवामान बदल साऱ्या जगाचा आहे सर. भट्टी माही एकट्याची आहे."

*

गारपिटीत सरांच्या घरावरचे पत्रे फुटले. त्यांनी ताडपत्री मागितली. पंचायतीने पर्यावरण दिनाचा जुना फ्लेक्स दिला: 'झाडे लावा', आणि बाजूला हात जोडलेले नाना. सरांनी तो आईच्या खाटेवर आढ्याला बांधला.

संध्याकाळपर्यंत म्हातारी कंटाळली. "याले पलटव रे. हा माह्याकडंच पाहून राह्यला."

*

श्रावणात सातपुड्यात ढग फुटला. भर दुपारी पाणी आलं. ओंडक्यांनी आणि काट्याकुट्यांनी पाइप बुजले आणि पाणी उलटं वस्तीत फिरलं. सर आईचं औषध आणायला संग्रामपूरला गेले होते. पाणी ओसरल्यावर म्हातारी खाटेसकट पुलाच्या पाइपाशी सापडली.

म्हातारीचा जलदानविधी उरकला आणि लगेच ग्रामसभा भरली. नानांनी ओल्या डोळ्यांनी ठराव मांडला: ही आपत्ती हवामान बदलामुळे आली, यात कोणाचाही दोष नाही. विठ्ठलरावांनी अनुमोदन दिलं. त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. सगळ्या सभेचे हात वर गेले. सरांचा गेला नाही.

नाना हळू आवाजात म्हणाले, "काऊन सर? इतकी वर्षं तुम्हीच तर सांगून राह्यले होते."

"पाऊस आभाळानं पाडला नाना. पाइप कोणी टाकले, तेही ठरावात घ्या."

नाना ग्रामसेवकाकडे वळले.

"लिहा. वानखडे सरांले हवामान बदल मान्य नाही."