सात नंबर खाटेवरचे पाटील

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा, नाहीतर चहा सांडेल!

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. मी भाईंदरला नर्सिंग शिकत होते. इंजेक्शन सुरक्षितपणे कसं द्यायचं, या पेपरात वर्गात पहिली आले. मग काय विचारता! मैत्रिणी डबा उघडून बसल्या की मी सुरू, "पेशंट बरोबर, औषध बरोबर, डोस बरोबर..." बिचाऱ्या भाजी उचलून दुसऱ्या बाकावर जायच्या.

आणि वॉर्डात पहिलं खरं इंजेक्शन द्यायचा दिवस उजाडला. सात नंबरची खाट, जवळच्या राई गावचे पाटील, पायाला जखम, इंजेक्शन कमरेत. मागे आमच्या फर्नांडिस मॅडम हाताची घडी घालून उभ्या.

हात धुतले. नवी सिरिंज, नवी सुई. औषधावरची तारीख वाचली, तीही मॅडमना ऐकू जाईल इतक्या जोरात! खाटेवर पन्नाशीचे एक काका डोळे मिटून पडलेले.

"पाटील ना?"

"हाय."

"राईचे?"

"हाय की."

झालं! आणखी काय हवं?

"काका, पालथे व्हा. इंजेक्शन आहे."

काका ताडकन उठून बसले. "मला? मला काय झालंय? मी ठणठणीत हाय!"

आता घाबरलेल्या पेशंटला धीर कसा द्यायचा, हेही मला तोंडपाठ. "सगळे असंच म्हणतात हो. मुंगी चावल्यासारखं वाटेल, बस."

"अगो पोरी, मी भेटायला आलोय!"

"हो हो, आणि बरे होऊनच जाणार!"

काका हबकले. "म्हंजे हितं भेटायला येनाऱ्यालाबी टोचतात?"

पण माझा उत्साह बघून बिचारे देवाचं नाव घेत पालथे झाले. मी स्पिरिटचा बोळा फिरवला, सुई उचलली, आणि...

"थांब!" मॅडम ओरडल्या.

दारात पायाला बँडेज बांधलेला एक माणूस बायकोच्या खांद्याला धरून लंगडत उभा. बाथरूमला गेला होता. "माज्या खाटेवर मेव्हन्याला कशाला पालथा घातलाय?"

मी सुई झटकन मागे घेतली. धडधाकट माणसाच्या अंगात भलतं औषध गेलं असतं, सोसलं नसतं तर?

मॅडमनी सिरिंज काढून घेतली. "सगळ्यात आधी काय बरोबर पाहिजे?"

"पे... पेशंट."

"मग 'पाटील ना?' असं विचारतात? 'नाव काय?' असं विचारायचं! राईत दगड मारला तरी पाटलालाच लागेल. चल, सगळी तयारी नव्याने कर."

केली. आता मी कसली रिस्क घेतेय! खऱ्या पाटलांसमोर उभी राहिले. "पूर्ण नाव सांगा. वडिलांचं नाव? वय? राईत घर कुठे? कुठलं औषध सोसत नाही का? काम काय करता?"

"होडी हाय, मच्छी मारतो," पाटील वैतागले. "पोरी, सुई टोचतेस का सोयरीक जमवतेस?"

मी इतकी भेदरलेली, की पुढचा प्रश्न तोंडातून निघूनही गेला, "लग्न झालंय का?"

मागून लेंग्याची नाडी बांधत काका ओरडले, "झालंय की! माज्याच भैनीशी!"