समजावाले सर

बाहेरचा तांदूळ मोकळा आला तर आपल्या धानाचं काय होईल, याचा हिशोब शंकर नगरच्या आमच्या ऑफिसातले सर कॉम्प्युटरवर मांडतात. तोंडात सदा "समजा". "समजा, आयातीवरचा कर उठला." चहाही तसाच मागतात, "ताई, समजा साखर नाही." आठवीतून शाळा सोडलेल्या मले त्यांनीच इथं कामाले लावलं.

काल भीतभीत विचारलं, "सर, गडचिरोलीचा भाऊ पुसून राहिला, धानाचं वावर विकू का?"

सर पडद्यावरून माझ्याकडे वळले. "ताई, हे गणित साऱ्या राज्याचं आहे. तुमच्या भावाचं मले माहीत नाही."

त्यात "समजा" नव्हतं, म्हणून भरवसा वाटला. भावाले फोनवर म्हटलं, "एवढ्यात विकू नको. इथं सरांलेही माहीत नाही."